प्रोग्रॅमिंग शिकायला हलका लॅपटॉप घेताय? जे नंतर बदलता येत नाही ते आधी ठरवा

प्रोग्रॅमिंग शिकायला लागले तेव्हा घेतलेला माझा पहिला लॅपटॉप २.४ किलोचा होता. चार्जरची वीट धरली तर तीन किलोच्या वर. पहिले दोन-तीन आठवडे उत्साहाने पाठीवर वागवला, मग खांदा दुखायला लागला आणि तो टेबलावरच राहायला लागला. वर्गात दाखवलेला कोड मी वहीत उतरवून घ्यायचे आणि रात्री घरी टाइप करायचे. तोवर नेमकं कुठे अडलं होतं तेच आठवत नसे. म्हणून दुसऱ्या वेळी हट्टाने १.१ किलोचा घेतला. वजनाचं समाधान झालं, पण त्यात रॅम ८ जीबी होती. अँड्रॉइडचा अभ्यास सुरू झाल्यावर एम्युलेटर (संगणकाच्या पडद्यावर चालणारा नकली फोन) उघडला की माउसचा बाणसुद्धा अडखळायचा. रॅम वाढवून घेऊ म्हणून दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने खालचं झाकण उघडलं, मदरबोर्डवरचे चार काळे चौकोन बोटाने दाखवले आणि म्हणाला, "ही सोल्डर केलेली आहे. यात स्लॉटच नाही."

या दोन खरेद्यांतून आणि त्यानंतर मैत्रिणींसाठी, धाकट्या भावंडांसाठी केलेल्या शोधाशोधीतून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितेय. लॅपटॉप हलका होतो तो काहीतरी काढून टाकूनच. स्लॉट जातात, पोर्ट कमी होतात, बॅटरी लहान होते, कधी कधी पंखाच नसतो. जड लॅपटॉप घेताना "पुढे बघू, वाढवून घेऊ" असं बऱ्याचदा म्हणता येतं. हलक्याच्या बाबतीत ते चालत नाही. म्हणून जे नंतर बदलता येणार नाही त्यावर आधी पैसे आणि डोकं खर्च करा. बाकीचं मागाहून सावकाश करता येतं.

१. आधी काय शिकणार ते कागदावर लिहा

"प्रोग्रॅमिंगसाठी लॅपटॉप" असं दुकानात सांगितलं की समोर गेमिंगचं मशीन येतं. प्रत्यक्षात पहिल्या वर्षात आपण जे करतो त्याला फारसं काही लागत नाही. पायथन, सी, सी++, जावा, एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, डेटाबेसच्या साध्या क्वेरी हे सगळं मध्यम ताकदीच्या मशीनवर आरामात चालतं. व्हीएस कोड या एडिटरची अधिकृत शिफारस तर १.६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि १ जीबी रॅम एवढीच आहे.

खरा फरक पडतो तो पुढच्या विषयांनी.

अँड्रॉइड अ‍ॅप करायची असतील तर अँड्रॉइड स्टुडिओची अधिकृत यादी बघा. नुसत्या स्टुडिओसाठी किमान ८ जीबी आणि एम्युलेटरसकट १६ जीबी रॅम तिथे लिहिलेली आहे. आयफोनची अ‍ॅप करायची असतील तर एक्सकोड लागतं आणि ते फक्त मॅकवर चालतं, त्यामुळे तिथे निवडीचा प्रश्नच उरत नाही. डॉटनेट आणि पूर्ण व्हिज्युअल स्टुडिओवर काम असेल तर विंडोज घ्या. त्याची मॅकवरची आवृत्ती मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केली. युनिटी किंवा अनरियलमध्ये थ्रीडी गेम बनवायचे असतील तर मात्र हलक्या लॅपटॉपचा नाद सोडा. त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं आणि ते आलं की वजन आणि उष्णता दोन्ही वाढतात.

मशीन लर्निंगबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. एनव्हिडियाचं कार्ड लागतं हे खरं, कारण बहुतेक लायब्ररी (तयार कोडचे संच) एनव्हिडियाच्याच कूडा या प्रणालीवर चालतात. पण शिकण्याच्या पहिल्या टप्प्यात गूगल कोलॅब किंवा कॅगलवर ब्राउझरमधूनच जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्डावरची चिप, मोफत वापरायला मिळतो. वेळेची मर्यादा असते, पण अभ्यासाच्या प्रयोगांना तेवढं पुरतं. त्या एका विषयासाठी चार वर्षं दुप्पट वजन पाठीवर घेऊ नका.

आणखी एक गोष्ट कोर्सला प्रवेश घेतानाच विचारून ठेवा. ऑनलाइन परीक्षेसाठी किंवा एखाद्या प्रॅक्टिकलसाठी ठरावीक सॉफ्टवेअर सक्तीचं आहे का? परीक्षेवर नजर ठेवणारी काही सॉफ्टवेअर लिनक्सवर किंवा क्रोमबुकवर अजिबात चालत नाहीत. हे परीक्षेच्या आदल्या दिवशी कळून चालत नाही.

२. वजन चार्जरसकट मोजा

माहितीपत्रकात "१.२ किलोपासून" असं लिहिलेलं असतं. त्यातल्या "पासून" या शब्दावर बोट ठेवा. ते वजन सर्वांत लहान बॅटरीच्या, टचस्क्रीन नसलेल्या मॉडेलचं असू शकतं. तुम्ही घेताय ते मॉडेल शंभर-दीडशे ग्रॅमने जड निघू शकतं.

चार्जरचं वजन तर कुठे धड लिहिलेलंच नसतं. गेमिंग लॅपटॉपचा चार्जर अर्धा किलो सहज भरतो. टाइप-सी पोर्टवर चार्ज होणाऱ्या लॅपटॉपला ६५ वॉटचा गॅन चार्जर (नव्या प्रकारचा, आकाराने छोटा) चालतो, तो दीडशे ग्रॅमच्या आसपास असतो आणि त्यावर फोनही चार्ज होतो. त्यामुळे टाइप-सी चार्जिंग ही सोय मी अटीच्या यादीतच धरते.

माझ्या अनुभवात लॅपटॉप आणि चार्जर मिळून दीड किलोच्या आत असेल तर तो रोज सोबत येतो. दोन किलोच्या पुढे गेलं की आज न्यावा का नको असा विचार सुरू होतो, आणि तो सुरू झाला की लॅपटॉप घरीच राहतो. स्क्रीन १४ इंची असेल तर हे गणित जमतं. १३ इंचीवर दोन खिडक्या शेजारी शेजारी ठेवल्या की अक्षरं बारीक होतात, आणि १५.६ इंची साध्या पिशवीत मावत नाही.

३. रॅम: इथे तडजोड करू नका

आता वापरते त्या १६ जीबीच्या मशीनवर एकदा संध्याकाळी काम करता करता टास्क मॅनेजर उघडून आकडे टिपून घेतले होते. विंडोज आणि मागे चालणाऱ्या बारीकसारीक गोष्टी मिळून ४ जीबीच्या आसपास. ब्राउझरचे चौदा टॅब अडीच जीबी. अँड्रॉइड स्टुडिओ अडीच. त्याचा ग्रेडल, म्हणजे अ‍ॅप बांधून देणारा भाग, दीड. एम्युलेटर तीन. बेरीज साडेतेरा. यात गाणी, मेसेंजर, व्हिडिओ कॉल काहीच नव्हतं.

८ जीबीच्या मशीनवर हेच उघडलं तर काय होतं ते समजून घ्या. रॅम भरली की ऑपरेटिंग सिस्टीम काही भाग एसएसडीवर, म्हणजे फाइली साठवायच्या जागेत, नेऊन ठेवते आणि लागेल तसा परत आणते. एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमच्या कितीतरी मागे असते. म्हणून टॅब बदलला की क्षणभर पांढरा पडदा येतो, टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं, पंखा फिरत राहतो. मशीन बंद पडत नाही, पण शिकणाऱ्याला वाटतं की आपल्याच कोडमध्ये काहीतरी चूक आहे. मला कित्येक दिवस तसंच वाटत होतं.

म्हणून किमान १६ जीबी. डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवण्याचं साधन), व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक), मोठे डेटाबेस यांच्याकडे जायचं नक्की असेल आणि बजेट असेल तर ३२. नवीन लॅपटॉप ८ जीबीचा घेऊच नका, कितीही चांगली सवलत असली तरी.

आता त्या काळ्या चौकोनांबद्दल. पातळ लॅपटॉपमध्ये एलपीडीडीआर प्रकारची रॅम वापरतात. ती वीज कमी खाते, जागा कमी घेते आणि जवळजवळ नेहमी मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. अ‍ॅपलच्या एम मालिकेतल्या चिपमध्ये आणि इंटेलच्या कोर अल्ट्रा २००व्ही मालिकेत तर रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये बसवलेली असते. ती वाढवणं कोणाच्याच हातात नसतं. काही लॅपटॉपमध्ये ८ जीबी सोल्डर केलेली आणि शेजारी एक रिकामा स्लॉट अशी जोडी असते. अशात नंतर भर घालता येते.

विक्रेता म्हणतो "वाढवता येते", तर त्यावर विसंबू नका. विंडोजचा डेमो लॅपटॉप समोर असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, त्यात मेमरी. खाली स्लॉट किती आणि त्यातले किती वापरात ते दिसतं. फॉर्म फॅक्टरसमोर "रो ऑफ चिप्स" असं लिहिलेलं असेल तर ती सोल्डर केलेली समजा. "सोडिम" असेल तर काढता-घालता येणारी. दहा सेकंदांचं काम आहे. मी ते दुसऱ्या खरेदीच्या वेळी केलं असतं तर तिसरी खरेदी टळली असती.

४. प्रोसेसरचं नाव पूर्ण वाचा

"आय५ आहे" किंवा "रायझन ५ आहे" एवढ्यावर काहीच कळत नाही. दहा वर्षांपूर्वीचाही आय५ होता.

शेवटचं अक्षर बघा. यू म्हणजे कमी वीज खाणारा, हलक्या लॅपटॉपला योग्य. एच आणि एचएक्स म्हणजे ताकदवान, पण गरम आणि बॅटरी लवकर संपवणारे. शिकण्यासाठी यू पुरेसा असतो. पातळ डब्यात एच बसवलेला असेल तर तो गरम होऊन स्वतःचा वेग उतरवतो, मग जास्तीच्या ताकदीचा उपयोग काय?

एएमडीच्या ७००० मालिकेत एक सापळा आहे आणि त्यात भलेभले अडकतात. रायझन ५ ७५२०यू, ७५३०यू आणि ७५४०यू ही नावं एका आकड्याने वेगळी. पण त्यातला तिसरा अंक आतली रचना कुठल्या पिढीची ते सांगतो. ७५२०यू मध्ये २०१९ साली आलेली झेन २ रचना आहे, ७५३०यू मध्ये झेन ३, आणि ७५४०यू मध्ये झेन ४. तिन्हींच्या डब्यावर "रायझन ५" आणि "७०००" ठळक अक्षरांत असतं. तिसरा अंक ३ किंवा त्याहून मोठा असेल असं बघा.

इंटेलमध्ये सेलेरॉन, पेंटियम आणि एन१००, एन२०० सारखे चिप अभ्यासाच्या मुख्य लॅपटॉपसाठी नकोत. टाइप करायला, व्हिडिओ बघायला ठीक आहेत, पण मोठा प्रकल्प कंपाइल करताना, म्हणजे कोडचं चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रूपांतर करताना, जीव काढतात.

क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स चिपचे विंडोज लॅपटॉप २०२४ पासून आले आहेत. हलके असतात, बॅटरी खूप चालते. पण त्यांची रचना एआरएम आहे, म्हणजे फोनमधल्या चिपसारखी, इंटेल-एएमडीपेक्षा वेगळी. रोजची बहुतेक साधनं आता त्यावर थेट चालतात, जुनी अनुवाद होऊन चालतात. अडचण येते ती एखाद्या उपकरणाच्या ड्रायव्हरला, जुन्या व्हर्च्युअल मशीनला, परीक्षेच्या सॉफ्टवेअरला. कोर्सला काय काय लागतं याची यादी हातात असेल आणि प्रत्येक गोष्ट तपासली असेल तरच घ्या.

मॅकबुक एअरबद्दल विचारणारे खूप असतात. १३ इंची, एम२ आणि त्यानंतरच्या चिपचं मशीन साधारण १.२४ किलोचं आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून त्याची मूळ रॅम १६ जीबी झाली आहे. त्याआधीची ८ जीबीची कमी किमतीत दिसतात, त्यांना हात लावू नका. एअरमध्ये पंखा नाही. दोन-पाच मिनिटांच्या कंपाइलला काही फरक पडत नाही, पण अर्धा तास सतत ताण दिला तर वेग उतरतो. शिकणाऱ्यावर अशी वेळ क्वचित येते.

५. कीबोर्ड आणि स्क्रीन: हे हाताने आणि डोळ्यांनी तपासा

रॅमनंतर माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाच्या गोष्टी याच, आणि तुलना करताना नेमक्या याच सुटतात, कारण त्या आकड्यांत मावत नाहीत.

दुकानात नोटपॅड उघडा आणि खरा कोड टाइप करा. स्वतःचं नाव टाइप करून काही कळत नाही. वीस ओळींचं एखादं फंक्शन लिहा, ज्यात महिरपी कंस, चौकोनी कंस, अर्धविराम, अंडरस्कोअर, बॅकटिक, अवतरणचिन्हं सगळं येईल. मग बाणांच्या कळांनी वर-खाली फिरा, शब्दाशब्दाने उडी मारा, ओळीच्या शेवटी जा. होम आणि एंड या कळा वेगळ्या आहेत की फंक्शन कळ दाबून वापरायच्या? वर-खालीचे बाण अर्ध्या उंचीचे आणि एकमेकांना चिकटलेले आहेत का? पॉवरचं बटण डिलीटच्या शेजारी आहे का? २०२४ नंतरच्या बऱ्याच विंडोज लॅपटॉपवर उजव्या कंट्रोलच्या जागी कोपायलटची कळ आली आहे. उजवा कंट्रोल वापरायची सवय असेल तर हे पहिल्याच दिवशी खटकतं.

मी एकदा एक लॅपटॉप फक्त यासाठी नाकारला की त्याच्या शिफ्टची उजवी कळ निम्मी करून तिथे वरचा बाण बसवला होता. तीन ओळी टाइप करताना चार वेळा कर्सर वरच्या ओळीत गेला.

टाइप करताना कळांच्या मधला भाग जरा दाबून बघा. तो खाली वाकत असेल तर बांधणी कच्ची आहे. लॅपटॉप मांडीवर ठेवून एका हाताने स्क्रीन उघडा, मागे कलंडतो का बघा.

स्क्रीनमध्ये पहिली चाळणी म्हणजे रेझोल्यूशन. १३६६ बाय ७६८ असेल तर पुढे बघूच नका. १९२० बाय १०८० चालतं, पण १९२० बाय १२०० मिळालं तर तेच घ्या. हा १६:१० चा आकार. उंचीला १२० पिक्सेल जास्त, म्हणजे १४ इंची स्क्रीनवर नेहमीच्या अक्षरात कोडच्या चार-पाच ओळी जास्त. ऐकायला थोड्या वाटतात. पण खाली टर्मिनल उघडलं की कोडला उरतात पंधरा-वीस ओळी, आणि तिथे चार-पाच ओळींनी अख्खं फंक्शन एका नजरेत येतं की नाही ते ठरतं.

पॅनेल आयपीएस असावं. टीएन पॅनेल बाजूने पाहिलं की रंग उलटतात. उजेड ३०० निट किंवा जास्त असावा. २५० निटची स्क्रीन खिडकीजवळ बसलं की फिकी पडते. चकचकीत काचेपेक्षा मॅट बरी. ओलेड दिसायला सुंदर असते, पण काही ओलेड पॅनेल उजेड कमी केला की वेगाने लुकलुकतात आणि त्याने काहींचं डोकं दुखतं. तुमचे डोळे नाजूक असतील तर उजेड कमी करून दहा मिनिटं वाचून बघा.

६. स्टोरेज, बॅटरी, पोर्ट

यातली स्टोरेज बऱ्याचदा नंतर वाढवता येते, म्हणून इथे फार जीव टाकू नका. मॅकमध्ये मात्र ती बदलता येत नाही असंच धरून चाला. ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी घ्या. विंडोजमध्ये ती ४७६ जीबी दिसेल. त्यात फसवणूक नाही. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. "ईएमएमसी" असं लिहिलेलं दिसलं तर तो लॅपटॉप बाजूला ठेवा. ते फोन-टॅबलेटमधलं मंद स्टोरेज आहे.

बॅटरीचे तास वाचू नका, वॉट-तास वाचा. "१८ तासांपर्यंत" हे बहुधा कमी उजेडावर व्हिडिओ चालवून काढलेलं असतं. साधा हिशेब असा: ५० वॉट-तासांची बॅटरी आणि एडिटर-ब्राउझरचं काम ८ वॉटवर चाललं तर सव्वासहा तास. तेच कंपाइल, एम्युलेटर करत २० वॉटवर गेलं तर अडीच तास. ५० च्या खाली जाऊ नका.

पोर्टमध्ये दोन टाइप-सी, एक जुना चौकोनी यूएसबी आणि एक एचडीएमआय असलं की प्रोजेक्टरसमोर उभं राहिल्यावर धावाधाव होत नाही. सगळे टाइप-सी सारखेच दिसतात, पण काहींवर फक्त डेटा चालतो. चार्जिंग आणि डिस्प्ले दोन्ही कुठल्या पोर्टवर चालतं ते मॉडेलच्या माहितीत शोधा.

७. ऑपरेटिंग सिस्टीम

विंडोज घेतलंत तरी लिनक्स शिकता येतं. डब्ल्यूएसएल ही विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय होम आवृत्तीवरही चालते आणि त्यात उबुंटू हा लिनक्सचा प्रकार टाकून टर्मिनल, गिट, पायथन सगळं वापरता येतं. त्यासाठी प्रो आवृत्तीचे जास्तीचे पैसे देण्याची गरज नाही.

काही स्वस्त लॅपटॉपवर विंडोज "एस मोड" मध्ये येतं. त्यात फक्त स्टोअरमधली अ‍ॅप चालतात. यातून मोफत बाहेर पडता येतं, पण परत आत जाता येत नाही, आणि आपल्याला जायचंही नसतं. काही लॅपटॉप "डॉस" म्हणून विकले जातात. त्यावर विंडोज नसतं, ते वेगळं विकत घ्यावं लागतं. लिनक्सच टाकणार असाल तर मात्र तो चांगला सौदा ठरू शकतो.

क्रोमबुकवर लिनक्सचा वेगळा कप्पा उघडून कोड लिहिता येतो. वेब आणि पायथनची तोंडओळख करायला ठीक आहे. पूर्ण कोर्ससाठी मी सुचवणार नाही.

८. वापरलेला घ्यायचा असेल तर

बजेट कमी असेल तर नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा कंपन्यांतून निघालेला चांगला बांधणीचा लॅपटॉप मला बरा वाटतो. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या मालिकांचे कीबोर्ड उत्तम असतात आणि सुटे भाग मिळतात. मात्र पुढच्या गोष्टी पैसे देण्याआधी स्वतः बघा.

पिढी. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा लॅपटॉपमधली एएमडीची रायझन ३००० मालिका आणि त्यापुढचं लागतं. त्याआधीचं मशीन घेतलंत तर लिनक्सवरच राहण्याची तयारी ठेवा.

बॅटरी. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमधून पॉवरसीएफजीचा बॅटरी रिपोर्ट निघतो. त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता असे दोन आकडे असतात. ५० वॉट-तासांची बॅटरी ३२ वर आली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरा. मॅकवर सायकलची संख्या बघा. मॅकबुकच्या बॅटरीसाठी अ‍ॅपलने १००० सायकलची मर्यादा सांगितलेली आहे.

कुलूप. हे सर्वांत महत्त्वाचं. मशीन बंद करून चालू करा आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, शिरा. पासवर्ड मागितला तर घेऊ नका. मॅक असेल तर आधीच्या मालकाचं खातं काढलेलं आहे का बघा, नाहीतर अ‍ॅक्टिव्हेशन लॉक लागतं. कंपनीच्या व्यवस्थापन यादीतून न काढलेलं मशीन तर विंडोज नव्याने टाकून इंटरनेट जोडलं की परत त्या कंपनीचं लॉगिन मागतं. विक्रेत्यासमोरच नव्याने सेटअप करून, वायफाय जोडून डेस्कटॉपपर्यंत पोहोचा, मगच पैसे द्या.

९. दुकानात जाताना

सोबत एवढं घ्या:
- कोर्सला लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी
- विद्यार्थी ओळखपत्र, कारण काही कंपन्यांची शैक्षणिक सवलत असते
- उबुंटूचा लाइव्ह पेन ड्राइव्ह, लिनक्स वापरणार असाल तर
- पिशवीचा छोटा वजनकाटा, मिळाला तर
- जी बॅग रोज वापरता ती बॅग

लाइव्ह पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून पाहिला तर काहीही न टाकता कळतं की वायफाय, आवाज, टचपॅड, झाकण मिटल्यावर झोपणं हे सगळं लिनक्सवर चालतंय की नाही. डेमो मशीनवर हे करू द्यायला काही विक्रेते तयार होत नाहीत. निदान विचारून बघा.

लॅपटॉप निवडलात की मॉडेलचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षर-आकड्यांसकट, लिहून घ्या. एकाच नावाखाली आयपीएस आणि टीएन, सोल्डर आणि स्लॉट, ३०० आणि २५० निट अशी निरनिराळी मॉडेल विकली जातात. डेमोला ठेवलेलं एक आणि खोक्यातून निघणारं दुसरं असं होऊ शकतं. खोक्यावरचा क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक जुळवा. बिल, वॉरंटीचा कागद आणि सीरियल नंबरचा फोटो फोनमध्ये ठेवा.

१०. घरी आणल्यावर, परत करण्याची मुदत संपायच्या आत

पहिल्या दोन दिवसांत त्यावर खरं काम करा. तुमच्या कोर्सचं सर्वांत जड सॉफ्टवेअर टाका, एम्युलेटर उघडा, व्हिडिओ कॉल चालू ठेवून कंपाइल करा. स्क्रीन एकदा पूर्ण काळी, एकदा पूर्ण पांढरी करून मेलेले पिक्सेल शोधा. प्रत्येक पोर्टला काहीतरी जोडून बघा. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर "व्हर्च्युअलायझेशन" सुरू आहे का बघा. नसेल तर एम्युलेटर, डॉकर आणि डब्ल्यूएसएल अडतात. बायोसमध्ये जाऊन ते चालू करता येतं. इंटेलवर व्हीटी-एक्स आणि एएमडीवर एसव्हीएम या नावाने ते असतं.

पण बायोसमध्ये हात घालण्याआधी, किंवा शेजारी लिनक्स टाकण्याआधी, एक काम करा. नव्या विंडोज ११ मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की बऱ्याचदा डिस्कचं एन्क्रिप्शन (माहिती कुलूपबंद करणं) आपोआप चालू होतं. आपल्याला ते कळतही नाही. मग बायोसमध्ये काही बदललं तर मशीन सुरू होताना निळा पडदा येऊ शकतो आणि तो ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. माझ्या एका मैत्रिणीने सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात लिनक्स टाकायला घेतलं आणि नेमकी तिथे अडकली. ज्या खात्याने सेटअप केला होता त्याचा पासवर्ड तिला आठवत नव्हता. खातं परत मिळवून की हाती येईपर्यंत दोन दिवस गेले, आणि प्रकल्प त्याच डिस्कवर होता.

म्हणून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन ती की आजच बघा, वहीत उतरवून ठेवा आणि ती वही लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.